कॅप बदलायची की व्हेनियर लावायचं?

प्रश्न : माझं वय ४१. वरच्या पटाशीच्या दातांपैकी एक कॉलेजात असताना पडून तुटला. रूट कॅनाल करून त्यावर मेटल-सिरॅमिक कॅप बसवली होती. आता हिरडीलगत काळी रेघ दिसते. शेजारचा दात शाबूत आहे, पण पिवळसर आणि कोपरा उडालेला. एका डॉक्टरांनी पुढच्या चारही दातांना कॅप सुचवली. दुसऱ्या म्हणतात, जुनी कॅप काढून चारही दातांना व्हेनियर लावू. कोणाचं ऐकावं?

उत्तर : कॅपच्या दाताला पुन्हा कॅपच लागेल. शेजारच्या दातांना मात्र कॅप करू नका, निदान आत्ता तरी नाही.

कॅपसाठी दात चहूबाजूंनी १ ते १.५ मि.मी. घासतात, टोकाकडून २ मि.मी.पर्यंत. म्हणजे वरचं एनॅमल जवळजवळ सगळं जातं. व्हेनियर हा दाताच्या पुढच्या बाजूला लावायचा ०.३ ते ०.७ मि.मी.चा पापुद्रा. त्याला कॅपसारखी चारी बाजूंची पकड नसते, तो फक्त चिकटलेला असतो. एनॅमलवर ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल १५ ते ३० सेकंद ठेवून धुतलं आणि वाळवलं, की दात खडूसारखा पांढुरका दिसतो. ॲसिडने पडलेल्या सूक्ष्म खाचांत रेझिन, म्हणजे चिकटवायचा पदार्थ, शिरून पक्कं बसतं. आतलं डेंटिन ओलसर असतं, त्यावरची पकड वर्षानुवर्षं तशी टिकत नाही. तुमच्या कॅपखाली उरलाय तो डेंटिनचा खुंट. त्यावर व्हेनियर लावलं तर ते निसटेल किंवा तडकेल.

आता काळी रेघ. तिची कारणं दोन असू शकतात. हिरडी मागे सरकून कॅपची धातूची कड उघडी पडते, हे एक. दुसरं म्हणजे रूट कॅनाल झालेल्या दाताचं मूळच काळवंडतं आणि पातळ हिरडीतून दिसतं. पहिलं कॅप बदलून जातं, दुसरं जात नाही. म्हणून घाई नको. जुनी कॅप काढल्यावर पांढरी तात्पुरती कॅप दोनेक आठवडे राहू द्या आणि ओठ वर उचलून दिवसाच्या उजेडात बघा. सावली तशीच असेल तर दोष मुळाचा आहे. मग दात आतून ब्लीच करणं किंवा हिरडी जाड करणं, यावर आधी बोलायला हवं. (तात्पुरती कॅप हळदीने पिवळी पडते. पडू द्या, घासत बसू नका.)

कॅप काढण्याआधी एक्स-रे हवाच. मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग असेल तर रूट कॅनाल पुन्हा करावं लागतं. कॅप निघाल्यावर डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा : हिरडीच्या बाहेर निरोगी दात चारी बाजूंनी किती उरलाय? १.५ ते २ मि.मी.ची कड हवी. ती नसेल तर चावण्याचा सगळा जोर आतल्या पोस्टवर, म्हणजे मुळात बसवलेल्या खुंटीवर येतो आणि एक दिवस मूळच उभं चिरतं. तसा दात वाचत नाही.

खुंट काळपट असेल किंवा आत धातूचा पोस्ट असेल, तर पारदर्शक सिरॅमिकमधून तो करडा दिसतो. अशा वेळी आतून अपारदर्शक झिर्कोनिया (एक टणक सिरॅमिक) आणि वरून पोर्सेलिनचा थर, असं काम लॅबकडून करून घ्यावं.

शेजारच्या दातासाठी क्रम सांभाळा. आधी ब्लीचिंग. मग किमान दोन आठवडे थांबायचं, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. त्यानंतर उडालेला कोपरा कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या रेझिनने) भरायचा, आणि नव्या कॅपची शेड सगळ्यात शेवटी घ्यायची. पोर्सेलिन ब्लीच होत नाही, त्यामुळे हा क्रम उलटा झाला तर कॅप कायमची वेगळी दिसते. कंपोझिट काही वर्षांनी डागाळेल, पण एका बैठकीत दुरुस्त होतं. घासलेलं एनॅमल मात्र परत येत नाही. रात्री दात खात असाल तर काहीही बसवलं तरी नाइट गार्ड लागेलच.

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, बोअरचं पाणी पितो. मुलगी १६ वर्षांची आहे. पुढच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग आहेत. तिला व्हेनियर लावावं का?

उत्तर : इतक्यात नको. हे डाग फ्लोरोसिसचे, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे पडलेले असावेत, आधी तपासून खात्री करून घ्या. या वयात हिरडीची रेषा स्थिरावलेली नसते. आज बसवलेल्या व्हेनियरची कड पुढे उघडी पडू शकते. तपकिरी डाग बहुतेक वरवरचे असतात. सौम्य ॲसिड आणि बारीक पावडरने दाताचा अगदी वरचा थर घासला, म्हणजे मायक्रोॲब्रेजन केलं, की ते बरेच फिके होतात. उरलेल्याला ब्लीचिंग. दातांना खळगे पडले असतील तर कंपोझिट. एवढं करूनही भागलं नाही तर विशीनंतर व्हेनियरचा विचार करा. फ्लोरोसिसच्या एनॅमलवर ॲसिड लवकर चढत नाही, म्हणून अशा दातांचा अनुभव असलेलेच डॉक्टर गाठा.

घरात आठ वर्षांखालचं भावंड असेल तर त्याचं पाणी आजच बदला. त्याचे पक्के दात अजून हाडात घडताहेत. पाणी तपासून घ्या : फ्लोराइड लिटरला १ मि.ग्रॅ.च्या आत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. आरओने ते कमी होतं.