मुलीला हॉस्पिसमध्ये काम करायचे आहे

आपली मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आजीच्या अखेरच्या आजारपणापासून हॉस्पिसमध्येच, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या काळात काळजी घेणाऱ्या संस्थेतच, काम करण्याचे तिने मनाशी धरले आहे, असे आपण लिहिले आहे. जिथे रुग्ण बरा होत नाही तिथे ती काय शिकणार आणि रोज मृत्यू पाहून तिचे मन टिकेल का, हे आपले दोन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नामागचा समज प्रथम बाजूला ठेवावा लागेल. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स डॉक्टर होण्याआधी परिचारिका होत्या, आणि वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशा चारही अंगांनी पाहावी लागते, हा त्यांचा विचार आजही या शाखेचा पाया आहे. परिचारिकांच्या पाहण्यांत वारंवार असे दिसते की मरणासन्न रुग्णाविषयीची आस्था पुरेशी असते, ज्ञान मात्र अपुरे पडते. व्यसन लागेल किंवा श्वास थांबेल या भीतीने मॉर्फीन हे तीव्र वेदनाशामक हात राखून दिले जाते. वास्तविक सततच्या वेदनेत ते योग्य मात्रेत आणि ठरलेल्या वेळी द्यावयाचे असते, रुग्ण कळवळेपर्यंत थांबायचे नसते, आणि बद्धकोष्ठतेवरचे औषध सहसा सोबतच सुरू करावे लागते. शेवटच्या दिवसांत अन्नावरची वासना जाणे, श्वासात खंड पडणे, घशात घरघर होणे या गोष्टी ओळखून नातेवाइकांना नीट समजावून सांगणे हेही कौशल्यच आहे. शिवाय पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातील वेदना व त्रास कमी करणारी शुश्रूषा, सर्व उपचार थकल्यावरच सुरू करायची, ही समजूतही चुकीची आहे. ती आजार बरा करण्याच्या उपचारांसोबतही देता येते.

म्हणून तिची कणव पुरेशी आहे का, यापेक्षा तिची तयारी किती आहे हे मी आधी पाहीन. परिचारिकांसाठी पॅलिएटिव्ह केअरवरची वीस विधानांची एक ज्ञानचाचणी १९९६ पासून वापरात आहे. तिच्या शिक्षिकेच्या मदतीने ती सोडवून पाहिल्यास उणिवा कळतील. (गुण कमी आले तर आपण 'मी म्हणत होतोच' असे कृपया म्हणू नये, कामावरच्या अनेक परिचारिकांचेही तसेच होते.)

मनाच्या प्रश्नावर माझे मत थोडे वेगळे आहे. मृत्यू पाहण्याचा ताण असतोच, परंतु समोर माणूस तळमळत असताना काय करावे हे न कळण्याचा ताण अधिक झिजवतो, आणि तो प्रशिक्षणाने बराच कमी होऊ शकतो. एक गोष्ट मात्र तिला आपणच हळुवारपणे विचारावी: आजीच्या दुःखातून ती अजून सावरते आहे का? तसे असेल तर घाई नको. एरवीही प्रथम मेडिसिन किंवा कर्करोग विभागात वर्ष-दोन वर्षे काम करून औषधांच्या मात्रा आणि रुग्णाचे मूल्यमापन यांवर हात बसवावा, असेच मी सुचवेन.

त्यानंतर मुलाखतीला जाताना तिने संस्थेलाही प्रश्न विचारावेत. नव्या परिचारिकेसोबत सुरुवातीला अनुभवी कोण असते, रात्री मात्रा बदलायची झाल्यास कोणाला फोन करायचा, आणि रुग्ण गेल्यानंतर कर्मचारी एकत्र बसून बोलतात का? यांची स्पष्ट उत्तरे मिळाली नाहीत, तर पगार चांगला असला तरी तिथे रुजू होऊ नये.