गुडघा बरा झाला, पण भाऊ अजून हरवलेलाच आहे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ प्रोफेशनल फुटबॉल खेळतो, वय २४. गेल्या वर्षी एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, फाटलं, ऑपरेशन झालं, आता फिजिओ म्हणतात गुडघा एकदम फिट आहे. पण हा रात्ररात्र जागा असतो, टीममधल्या मित्रांचे फोन उचलत नाही, घरात मॅच लावली की उठून आत जातो. मी सायकॉलॉजिस्टचं नाव काढलं तर माझ्यावरच ओरडला, म्हणाला कोचला कळलं तर माझी जागा गेलीच म्हणून समज. मागे लागू का त्याच्या? की होईल आपोआप ठीक?

उत्तर : ताई, तो नाटकं करत नाहीये आणि कमजोर तर अजिबात नाही, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. एसीएल म्हणजे सहा-नऊ महिने, कधी त्याहून जास्त, आणि तेवढ्यात टीम पुढे निघून जाते, आपल्या जागेवर दुसरा कोणीतरी खेळतो, चांगलाही खेळतो, आणि हा जिममध्ये एकटा, लहानपणापासून 'मी फुटबॉलर' एवढीच ज्याची ओळख त्याच्याकडून नेमकं तेच काढून घेतलेलं. खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो, त्यांच्या २०१५ च्या पाहणीत खेळत असलेल्यांपैकी ३८ टक्के जणांनी डिप्रेशन किंवा एन्झायटीची लक्षणं सांगितली होती, आणि तीन किंवा जास्त मोठ्या दुखापती झालेल्यांमध्ये हे प्रमाण आणखी वर. म्हणजे त्याच्याच ड्रेसिंग रूममध्ये अजून कोणीतरी असंच गप्प बसलेलं असू शकतं.

जागा जाण्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, सगळे कोच सारखे नसतात. पण लपवण्याची किंमत काय असते ते रॉबर्ट एंकेच्या बाबतीत दिसलं. जर्मनीचा गोलकीपर, वय ३२, डिप्रेशन होतं, उपचारही चालू होते, पण बाहेर कळलं तर करिअर जाईल आणि दत्तक घेतलेली मुलगीही आपल्याकडून काढून घेतील या धास्तीने त्याने सगळं दाबून ठेवलं. १० नोव्हेंबर २००९ ला त्याने जीव दिला, दोन दिवस आधी तो लीगची मॅच खेळला होता. मैदानावरून काही कळत नाही हो, म्हणून 'फिट आहे' या शब्दावर जाऊ नका.

आणि उलटंही घडलंय, हे त्याला नक्की सांगा. इटलीचा गोलकीपर बुफॉन, त्याला २००३-०४ च्या सुमारास डिप्रेशन आलं, तो बोलला, मदत घेतली, २००६ मध्ये वर्ल्ड कप जिंकला. स्पेनचा फुटबॉलर इनिएस्ता, त्याचा जवळचा मित्र दानी हार्के ऑगस्ट २००९ मध्ये अचानक गेला, त्यानंतर इनिएस्ता पार खचला होता, ट्रीटमेंट घेतली, आणि पुढच्याच वर्षी वर्ल्ड कप फायनलमध्ये ११६ व्या मिनिटाला गोल त्यानेच मारला, जर्सीखाली मित्राचं नाव लिहून!

जबरदस्ती नको. क्लबबाहेरचा सायकॉलॉजिस्ट शोधा, तिथे बोललेलं कोचपर्यंत जात नाही, जिवाला धोका वगैरे असेल तेवढाच अपवाद, आणि हे पहिल्याच भेटीत त्याला स्वतः विचारू दे म्हणजे त्याचा विश्वास बसेल. गोळ्यांची वेळ आली तर सायकिअॅट्रिस्टला आधीच सांगायचं की हा प्रोफेशनल खेळाडू आहे. डिप्रेशनवरची नेहमीची बहुतेक औषधं वाडाच्या (खेळातल्या डोपिंगवर लक्ष ठेवणारी जागतिक संस्था) बंदी यादीत नाहीत, तरी तपासून घ्यायचं. झोपेच्या गोळ्या मात्र मनाने घेत नाहीये ना ते बघा, इंग्लंडचा फुटबॉलर डेली अॅलीने २०२३ मध्ये स्वतः सांगितलं की त्याला त्यांचंच व्यसन लागलं होतं आणि त्यासाठी तो रिहॅबला गेला.

अजून एक, हे विचारायला जड जाईल पण आजच विचारा : "मरून जावं असं मनात येतं का रे?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, तडक हॉस्पिटल गाठा. नाही म्हणाला तर गुडघ्याचा विषय न काढता नुसतं शेजारी बसा, आणि दोन दिवसांनी परत विचारा.