'मनोरुग्ण कैद्याची सुटका, ठाण्याला रवानगी': एका मथळ्याची शब्दचर्चा

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या खुनाच्या खटल्याच्या बातमीला 'मनोरुग्ण कैद्याची निर्दोष सुटका, ठाण्याला रवानगी' असा मथळा होता. सुटका झाली, तर रवानगी कसली? अशा माणसाला कैदी म्हणायचं का? आणि 'फॉरेन्सिक सायकियाट्री'ला मराठीत काय म्हणावं?

या मथळ्यात निर्धास्तपणे ठेवावा असा एकच शब्द आहे, तो म्हणजे 'ठाण्याला'. मुंबईकराला पुढे 'मनोरुग्णालय' म्हणावंच लागत नाही. पुण्याकडे हे काम 'येरवडा' करतो, पण तिथे मनोरुग्णालय आणि मध्यवर्ती कारागृह दोन्ही असल्यामुळे 'येरवड्याला पाठवला' यावरून काहीच कळत नाही.

आधी 'सुटका'. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या दंड संहितेचं कलम ८४, असं सांगतं की कृत्य करताना मनोविकलतेमुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे कळण्याची क्षमताच ज्याला नव्हती, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. म्हणून तो दोषमुक्त होतो. पण खटला कसा चालवायचा हे सांगणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७३ प्रमाणे न्यायालयाला निकालात स्पष्ट लिहावं लागतं की ते कृत्य त्याने केलं की नाही. केलं असेल तर कलम ३७४ लागतं. मग त्याला सुरक्षित अभिरक्षेत, म्हणजे सरकारी ताब्यात ठेवायचं, किंवा जामीनकी घेऊन नातेवाइकाच्या वा मित्राच्या हवाली करायचं. म्हणजे 'दोषमुक्त' झाला, 'सुटला' मात्र नाही. 'निर्दोष सुटका' वाचून लोक न्यायाधीशांना शिव्या घालतात, त्यात मथळा लिहिणाऱ्याचाही वाटा असतो.

इंग्रजांनी याच शब्दावरून ऐंशी वर्षं घोळ घातला. १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियावर गोळी झाडणारा वेडेपणामुळे 'नॉट गिल्टी' ठरला. राणीला ते रुचलं नाही, आणि १८८३ च्या कायद्याने निकालाचे शब्द 'गिल्टी बट इन्सेन' असे झाले. माणूस दोन्ही वेळा जायचा मनोरुग्णालयातच, कागदावर मात्र 'दोषी'. १९६४ मध्ये पुन्हा 'नॉट गिल्टी' आलं.

आता 'कैदी'. शब्द अरबी 'कैद'वरून आलेला; कारागृहाच्या कागदांत त्याऐवजी 'बंदी' लिहितात. खटला चालू असलेला तो न्यायाधीन बंदी, शिक्षा झालेला तो सिद्धदोष बंदी. बोलताना कच्चा कैदी आणि पक्का कैदी. आपल्या मथळ्यातला माणूस यांपैकी काहीच उरलेला नाही. त्याच्यावर खटला नाही, शिक्षाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या 'नेल्सन मंडेला नियमां'पैकी १०९ वा नियम तर अशा माणसाला तुरुंगात ठेवूच नये असं म्हणतो. त्याला 'अभिरक्षेतील मनोरुग्ण' म्हणा. ब्रॉडमूर या इंग्लंडमधल्या कडेकोट रुग्णालयात सरळ 'पेशंट' म्हणतात. (कागदातला 'बंदी' मथळ्यात मात्र जपून वापरा. 'ठाण्यात मनोरुग्ण बंदी' हे दारूबंदीच्या चालीवर वाचलं जाईल.)

खरी मेख अशी की 'मनोरुग्ण कैदी' या एका जोडीत तीन निरनिराळे लोक कोंबले जातात. त्यांना वेगळं करायचं तर विचारायचं एवढंच: आजार कधीचा? कृत्याच्या वेळचा असेल तर वरचं कलम २२. खटल्याच्या वेळचा असेल, म्हणजे वकिलाशी बोलून स्वतःचा बचाव करणंच त्याला जमत नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६७ आणि ३६८. खटला तहकूब होतो आणि दोषाचा निर्णय तसाच राहतो. तो अजून 'आरोपी'च. शिक्षा भोगताना आजार झाला तर तो खराखुरा मनोरुग्ण कैदी, आणि त्याला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०३ लागतं. कच्च्या कैद्यालाही तुरुंगात आजार जडला तर तेच. या कलमाने प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असणं बंधनकारक केलंय. याच कलमात भाषेच्या माणसाला थांबवणारी एक जागा आहे: तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा, तो 'तुरुंगात मानसिक आजार असलेला बंदी नाही' असं प्रमाणित करणारा. अहवालाचं उत्तर कायद्यानेच आधी लिहून ठेवलंय!

एका गटाची दुसऱ्याशी सरमिसळ झाली की काय होतं, याचं उदाहरण आसाममधलं आहे. माचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचं कळवलं. 'खटला तहकूब असलेला आरोपी' बरा झाला तर त्याने न्यायालयात जायचं असतं. त्यांना मात्र तुरुंगात धाडलं. २००५ मध्ये बाहेर आले, चौपन्न वर्षांनी, एकही खटला न चालता.

'मनोरुग्ण' आणि 'मनोविकल' हेही एक नाहीत. मराठी कायद्याच्या पाठात 'मनोविकल' आहे, 'विकलांग'मधला विकल: कुठला तरी भाग उणा असलेला. छापताना त्याचा हमखास 'मनोविकार' होतो आणि अर्थच पालटतो. मनोविकार हा डॉक्टरांचा शब्द, मनोविकलता न्यायालयाचा. आपल्याकडे स्किझोफ्रेनियाची फाइल दाखवून भागत नाही. त्या क्षणी समज नव्हती हे दाखवावं लागतं, आणि तो भार आरोपीवर असतो. न्याय संहितेच्या २०२३ च्या पहिल्या मसुद्यात इंग्रजीत 'मेंटल इलनेस' घातलं होतं. तसं राहिलं असतं तर साधं नैराश्यही आजार म्हणून पुढे करता आलं असतं. अंतिम कायद्यात जुनेच शब्द परत आले, ते बरं झालं.

हा फरक सगळीकडे नाही. नॉर्वेच्या कायद्यात काही वर्षांपूर्वीपर्यंत थेट 'सायकोटिक' (वास्तवाचं भान सुटलेला) हाच शब्द होता. कृत्याच्या वेळी तो लागू झाला की शिक्षा नाही, समज होती का हे विचारायचंच नाही. म्हणून २०११ च्या तिथल्या हत्याकांडातला आरोपी ब्रेविक याच्या खटल्यात सगळं डॉक्टरांच्या दोन अहवालांवर आलं: पहिल्यात सायकोटिक, दुसऱ्यात नाही. न्यायालयाने दुसरा मानला. जर्मन कायद्यात शब्द आहे 'शुल्डउनफेहिग', दोष लागण्यास अक्षम. तो मला सर्वांत नेमका वाटतो. 'दोषाक्षम' मराठीत चालायला हरकत नाही. अशाला रुग्णालयात ठेवतात त्याला जर्मन 'शिक्षा' म्हणत नाहीत, 'उपाय' म्हणतात, आणि न्यायालय दरवर्षी तपासतं. डच लोक मात्र एकाच माणसाला आधी तुरुंग आणि मग 'टीबीएस' नावाचा सक्तीचा उपचार देऊ शकतात, जो एकेक किंवा दोन-दोन वर्षांनी वाढत जातो. त्याला तुरुंगात असेपर्यंत कैदी म्हणा, नंतर नाही.

राहिला 'फॉरेन्सिक'. मुंबईत कलिन्याची सरकारी फॉरेन्सिक प्रयोगशाळा स्वतःला 'न्यायसहायक' म्हणवते, आणि शवविच्छेदनाच्या विषयाला 'न्यायवैद्यक' म्हणतात. आरोपीची तपासणी करून न्यायालयाला मत देणं, एवढ्यापुरतं 'न्यायसहायक मनोविकारशास्त्र' उत्तम. पण निकालानंतर दहा-दहा वर्षं चालणाऱ्या औषधोपचारात न्यायालयाला साहाय्य कसलं? तिथे 'अभिरक्षेतील मानसोपचार' म्हणावं. इंग्रजी एकाच शब्दात दोन्ही कामं उरकतं, मराठीने तसं करायलाच हवं असं नाही.

मथळा मग असा होईल: 'खून केल्याचे सिद्ध, मनोविकलतेमुळे दोषमुक्त, ठाणे मनोरुग्णालयात अभिरक्षा'. लांब आहे खरा. उपसंपादकाला एकच स्तंभ मिळाला असेल तर 'दोषमुक्त, पण मनोरुग्णालयातच'.