बुडबुड्यांत गेलेला अर्धा तास

प्रिय ताई,

तुमचा मुलगा पाच वर्षांचा. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला अगदी लहानपणी झालेल्या इजेमुळे, दोन्ही पाय ताठ. फिजिओथेरपिस्टनी पाण्यातले व्यायाम सुचवले, पण पाण्यात उतरलं की तो तुमच्या गळ्याला घट्ट धरून रडतो. चार वेळा जाऊनही त्या थेरपिस्ट बाईंनी बुडबुडे काढण्यापलीकडे काही करून घेतलं नाही. ‘व्यायाम कधी सुरू होणार?’ असं तुम्ही विचारलंय.

तो सुरू झालाय. पाण्यात फुंकताना मान सावरावी लागते, ओठ आवळावे लागतात, श्वास लांबवर सोडावा लागतो. शिवाय तोंडाशी पाणी आलं की फुंकायचं, ही सवय एकदा लागली की पाणी नाकातोंडात जाण्याची भीती कमी होते. जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ च्या सुमारास लंडनमध्ये अपंग मुलींना पोहायला शिकवताना हॅलिविक पद्धत घडवली. तिची पहिली पायरीही पाण्याशी ओळख हीच आहे.

त्याच्या रडण्याला हट्टीपणा म्हणू नका. तोल गेला की आपले हात आपोआप पुढे येतात. त्याचे वेळेवर येत नाहीत. त्यात पाणी पाय उचलून नेतं आणि धरायला काही नसतं. घाबरलं की त्याचे स्नायू आणखी आखडतात, गार पाण्यातही तेच होतं. म्हणून अशा मुलांसाठी पाणी कोमट, साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवतात. तुमच्या तलावाचं तापमान विचारून घ्या. ‘ढकला, आपोआप शिकेल’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांचं मात्र अजिबात ऐकू नका.

घरी टबात मगाने पाणी आधी तुमच्या डोक्यावर ओतायला त्याला सांगा, मग त्याच्या खांद्यावर ओता. टेबल टेनिसचा चेंडू फुंकून पलीकडे न्यायची शर्यत लावा. तलावात तुम्ही खाली वाका, तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर हवेत. त्याला मांडीवर घोड्यावर बसल्यासारखं बसवून हळू डुलवा. न पडण्यासाठी तो स्वतःच पाठ सरळ करेल, आणि पोटापाठीच्या स्नायूंना नेमकं हेच काम हवं असतं. पुढे भिंतीला पाय टेकवून, पायांनी रेटा देत पुढे झेपावायचं ‘रॉकेट’ सोडा, त्यात आखडलेले गुडघे उलगडतात. छातीपर्यंतच्या पाण्यात पायांवर शरीराचा साधारण एक तृतीयांशच भार येतो, त्यामुळे जमिनीवर न जमलेलं पाऊल तिथे पडू शकतं. ते पाऊल पाहिलं की तुमच्या डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या. पण त्याच्या जोरावर जमिनीवरचे व्यायाम बंद करू नका.

तो कायम हाताच्या अंतरावर हवा, एक क्षणही नजर हटवू नका. हवा भरलेल्या दंडपट्ट्यांवर विसंबू नका. फिट येत असतील तर डॉक्टरांची परवानगी घेतल्याशिवाय पाण्यात उतरवू नका. ताप, जुलाब किंवा उघडी जखम असेल त्या दिवशी सुट्टी.

पुढच्या वेळी रडू आलं तर पायरीवर दोघं पाण्यात पाय सोडून बसा. पाय आपटून कोण जास्त पाणी उडवतं ते बघा. त्या दिवशी तेवढंच झालं तरी चालेल. आणि त्या बाईंना विचारा, आज कोणता खेळ कशासाठी घेतला? त्या सांगतील तो घरी टबात रोज दहा मिनिटं खेळा.

तुमची,
ताई