गोव्यात 'सभापती', महाराष्ट्रात 'अध्यक्ष', मग बरोबर कोण?

प्रश्न असा आलाय: "गोव्यातल्या एका मराठी पेपरात 'विधानसभेचे सभापती' असं वाचलं. आपल्याकडे विधानसभेला अध्यक्ष असतात आणि सभापती विधान परिषदेला. मग त्या पेपरची चूक आहे का? आणि त्याच बातमीत 'सभापतींच्या अखत्यारीतलं सचिवालय' असंही होतं. सचिवालय तर सरकारचं असतं ना?"

चूक नाहीये, दोन्ही ठिकाणी नाहीये. मला स्वतःला हे कळायला बराच वेळ लागला, एकदा गोव्यातला एक मजकूर तपासताना मी सगळीकडे 'सभापती' खोडून 'अध्यक्ष' करून टाकलं होतं आणि मग फोंड्याच्या मित्राने फोन करून सांगितलं की अरे आमच्याकडे विधानसभेत सभापतीच असतात, उपसभापती असतात, निवडणुकीनंतर पहिल्या दिवशी हंगामी सभापती असतात, तू हे काय केलंस. सगळं परत पहिल्यासारखं करावं लागलं.

आधी महाराष्ट्राचं बघू. संविधानाच्या मराठी मजकुरात फरक अगदी स्पष्ट आहे, अनुच्छेद १७८ मध्ये विधानसभेचा अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, अनुच्छेद १८२ मध्ये विधान परिषदेचा सभापती आणि उपसभापती. केंद्रातही तसंच, राज्यसभेला सभापती (म्हणजे उपराष्ट्रपती) आणि लोकसभेला अध्यक्ष. त्यामुळे मुंबईत किंवा नागपूरला अधिवेशन चालू असताना नुसता आवाज ऐकूनही सांगता येतं की हे कोणतं सभागृह, आमदार उभा राहून 'अध्यक्ष महोदय' म्हणाला की विधानसभा आणि 'सभापती महोदय' म्हणाला की परिषद. सभागृहं दोन, एकाच आवारात, एकाच दिवशी कामकाज चालू, कागदपत्रं दोन्हीकडची, अशा वेळी दोन प्रमुखांना दोन वेगळी नावं असणं ही कामाची गरज आहे. फाइलवर 'मा. सभापतींचे आदेश' असं लिहिलं तर ती कोणाकडे जाणार याबद्दल शंका राहत नाही.

मुंबईत ही दोन सभागृहं काही १९६० ला आलेली नाहीत, १९३७ पासून आहेत. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताला असेंब्ली आणि कौन्सिल अशी दोन सभागृहं मिळाली, असेंब्लीचे पहिले स्पीकर गणेश वासुदेव मावळंकर, तेच पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. तेव्हा इंग्रजीत असेंब्लीचा तो स्पीकर आणि कौन्सिलचा तो प्रेसिडेंट अशी विभागणी होती. म्हणजे नावं वेगळी ठेवायची सवय इथे जुनी आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा विधानसभेला सयाजी सिलम अध्यक्ष होते आणि त्याच वर्षी वि. स. पागे परिषदेचे सभापती झाले ते थेट १९७८ पर्यंत. रोजगार हमी योजनेचे पागे तेच. इतकी वर्षं एकच माणूस त्या खुर्चीवर होता त्यामुळे 'सभापती' म्हटलं की परिषद हे समीकरण मराठी पत्रकारांच्या कानात पक्कं बसलं असावं असं मला वाटतं, हा माझा अंदाज आहे.

आता गोवा. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, मग १९६३ च्या केंद्रशासित प्रदेशांच्या कायद्याने गोवा, दमण आणि दीव मिळून विधानसभा आली, ३० निवडून आलेले सदस्य, त्यात २८ गोव्याचे, एक दमणचा, एक दीवचा. निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि ९ जानेवारी १९६४ ला विधानसभा पहिल्यांदा भरली. पहिले सभापती पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर. परिषद तेव्हाही नव्हती आणि १९८७ ला राज्य होऊन ४० जागा झाल्या तरी आली नाही. एकच सभागृह. तिथे 'सभापती' हा शब्द मोकळाच होता, त्याला परिषदेने अडवून ठेवलं नव्हतं, म्हणून तो विधानसभेला लागू शकला.

यावर कोणी लगेच म्हणेल की गुजरातलाही परिषद नाही, तरी तिथे गुजरातीत 'अध्यक्ष'च म्हणतात, मग? बरोबर आहे हरकत. पण गुजरात निघाला कुठून ते बघा. तो मुंबई राज्यातून फुटून झाला, १९६० च्या पुनर्रचना कायद्यात अशी सोय होती की नवे नियम होईपर्यंत जुन्या मुंबई विधानसभेचेच कामकाजाचे नियम दोन्ही नव्या विधानसभांना लागू राहतील, अध्यक्षांना वाटतील ते फेरफार करून. म्हणजे गुजरातने घर वेगळं केलं पण भांडीकुंडी जुन्याच घरातली नेली, आणि शब्द हे त्यातलंच एक भांडं. गोव्याकडे असं जुनं घर नव्हतं, तिथे साडेचारशे वर्षं पोर्तुगीज कारभार होता, मुंबईच्या कौन्सिल हॉलशी (तिथल्या जुन्या विधानभवनाशी) काही संबंध नाही. त्यामुळे शब्द निवडायला गोवेकर मोकळे होते.

आणि बाकीच्या भाषांकडे पाहिलं तर आपलीच जोडी सगळीकडे आहे असं अजिबात नाही. तेलुगूत विधानसभेच्या प्रमुखाला 'सभापति' म्हणतात, म्हणजे गोव्याच्या बाजूने. कन्नडात विधानसभेला 'सभाध्यक्ष' आणि परिषदेला 'सभापति', म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूने. तमिळमध्ये 'सबानायगर', सभानायक. नेपाळीत 'सभामुख', मला हा सगळ्यात आवडतो कारण मूळ स्पीकर या शब्दाच्या हा सगळ्यात जवळ जातो. स्पीकर म्हणजे बोलणारा, पण सभागृहात तो सगळ्यात कमी बोलतो असं लोकांना वाटतं. तो बोलायचा ते राजाशी, चौदाव्या शतकात इंग्लंडच्या कॉमन्सचं म्हणणं राजापुढे मांडणारा माणूस तो स्पीकर, सभेचं तोंड. 'सभामुख' मध्ये ते जसंच्या तसं आलंय.

आता आपल्या दोन शब्दांच्या मुळाकडे येतो, मला खरं तर याच्यासाठीच हे उत्तर लिहायचं होतं. 'सभापती' हा शब्द वैदिक आहे. घरी रुद्र (यजुर्वेदातलं रुद्राचं स्तोत्र) म्हणत असतील त्यांनी हे शेकडो वेळा ऐकलं असेल, 'नमः सभाभ्यः सभापतिभ्यश्च वो नमः', सभांना नमस्कार आणि सभापतींना नमस्कार. म्हणजे सभा आधी, तिचा पती नंतर, जमलेल्या माणसांमुळे ज्याला अर्थ येतो असा हा शब्द. 'अध्यक्ष' चा स्वभाव वेगळा. अधि म्हणजे वर, आणि अक्ष म्हणजे डोळा, वरून नजर ठेवणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाचं (म्हणजे भागाचं) नावच 'अध्यक्षप्रचार' आहे आणि त्यात सुवर्णाध्यक्ष, पण्याध्यक्ष (व्यापाराचा), सीताध्यक्ष (शेतीचा), नावध्यक्ष (जहाजांचा) असे कितीतरी अध्यक्ष येतात. ते कोणी सभेत बसत नाहीत, ते खात्याचे प्रमुख आहेत, माल मोजणारे, हिशोब बघणारे, माणसं कामाला लावणारे. सभापती हा सभेचा माणूस आणि अध्यक्ष हा दफ्तराचा माणूस, असं मूळ.

आणि विधानसभेच्या प्रमुखाला ही दोन्ही कामं करावी लागतात! टीव्हीवर आपल्याला फक्त पहिलं दिसतं, खाली बसा, हरकतीचा मुद्दा फेटाळला, लक्षवेधी पुढे घ्या. दुसरं दिसत नाही, तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो) स्वीकारायचा की नाही, कामकाज सल्लागार समितीत कोणत्या विषयाला किती तास, समित्या नेमायच्या, गॅलरीचे पास, विधानभवनाच्या आवारातली व्यवस्था, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका. नव्या विधानसभेत तर हे सगळं कोऱ्या कागदापासून सुरू होतं, प्रश्न कोणाकडे द्यायचे, कार्यवृत्त कोण लिहिणार, कोणत्या भाषेत, अनुवाद कोण करणार, पटलावर ठेवलेले कागद नंतर कुठे ठेवायचे. गोव्याच्या विधानसभेत कोकणी, मराठी आणि इंग्रजी तिन्ही ऐकू येतात, म्हणजे तिथे लघुलेखकांचं काम किती वाढत असेल याचा विचार करा. मला पहिल्या वर्षातल्या त्या कारकून, लघुलेखक मंडळींबद्दल फार आदर वाटतो, त्यांची नावं कुठे येत नाहीत पण आज जे 'प्रथा' म्हणून सांगितलं जातं त्यातलं पुष्कळसं त्यांच्या टेबलावर ठरलेलं असतं.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. सचिवालयं दोन असतात. एक सरकारचं, जिथे मंत्री आणि खात्यांचे सचिव बसतात. दुसरं विधिमंडळाचं, अनुच्छेद १८७ प्रमाणे स्वतंत्र कर्मचारीवर्ग असलेलं. ते स्वतंत्र का, तर ज्या सरकारला प्रश्न विचारायचेत त्याच सरकारच्या हाताखालचा माणूस प्रश्न छाननीला बसला तर कसं चालेल, बदली होईल या भीतीने तो काय करेल. हे भांडण जुनं आहे, दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी ते लढलं आणि १९२९ मध्ये असेंब्लीचं वेगळं खातं करून घेतलं, अध्यक्षांच्या ताब्यातलं. आजच्या तरतुदीची मुळं तिथपर्यंत जातात.

महाराष्ट्रात आपला गोंधळ होत नाही त्याचं कारण १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सरकारच्या सचिवालयाचं नाव 'मंत्रालय' झालं. त्यामुळे सचिवालय हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला आणि कागदोपत्री उरला तो मुख्यतः 'महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय' इथे (पेपरात विधिमंडळ, सरकारी पाटीवर विधानमंडळ, दोन्ही चालतं). ते दोन्ही सभागृहांना मिळून एकच आहे, संविधानात सामाईक पदांना मुभा आहे म्हणून. दिल्लीत मात्र लोकसभा सचिवालय आणि राज्यसभा सचिवालय वेगवेगळी. गोव्यात पणजीला मांडवीच्या काठावरच्या आदिलशहाच्या वाड्यात सरकारचं सचिवालय होतं आणि विधानसभाही त्याच वाड्यात भरायची, २००० मध्ये पर्वरीला नवीन संकुल होईपर्यंत. एका छताखाली दोन सचिवालयं! म्हणून तुमच्या बातमीत 'सभापतींच्या अखत्यारीतलं' असं मुद्दाम जोडलं असणार, नुसतं सचिवालय म्हटलं असतं तर वाचकाला सरकारचंच वाटलं असतं.

महाराष्ट्रातल्या कानाला 'सभापती' थोडं लहान पद वाटतं हेही मी पाहिलंय, कारण गावाकडे सभापती म्हणजे पंचायत समितीचे नाहीतर बाजार समितीचे, आणि जिल्हा परिषदेला मात्र अध्यक्ष, म्हणजे तिथे अध्यक्ष वर आणि सभापती खाली अशी पायरी लागते. ती पायरी जिल्हा परिषदेच्या कायद्यापुरती आहे, विधिमंडळात ती लावू नका. आणि ही सरमिसळ आपण स्वतःही करतोच की, मनोहर जोशींबद्दल लिहिताना 'लोकसभेचे माजी सभापती' असं मराठीत कितीदा तरी छापून आलंय, तिथे संविधानाप्रमाणे अध्यक्ष हवं.

तेव्हा गोव्याची बातमी असेल तर सभापती तसंच ठेवा, महाराष्ट्राच्या विधानसभेची असेल तर अध्यक्ष, आणि कुठलं नक्की माहीत नसेल तर सरळ स्पीकर लिहा, सगळ्यांना कळतं. लिहिताना एकच बारकावा सांभाळा, एकटा शब्द 'सभापती' दीर्घ, पण समासात पहिला आला की ऱ्हस्व, सभापतिपद, सभापतिपदी. बाईंसाठी वेगळं रूप करायची गरज नाही, उपसभापती नीलम गोऱ्हे असंच लिहितात आणि कोणाला ते खटकत नाही.