वाचकांचे प्रश्न : दोष धर्मगुरूचा की पित्याचा?

प्रश्न : शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ नाटकातील प्रेमिकांच्या मृत्यूला धर्मगुरू लॉरेन्स यांनाच जबाबदार धरावे का?

उत्तर : काही अंशी, होय. नको असलेले लग्न टाळण्यासाठी चौदा वर्षेही पूर्ण न झालेल्या ज्युलिएटच्या हाती ४२ तासांच्या मृतवत निद्रेचे औषध देऊन सारी भिस्त रोमिओला बेत कळवणाऱ्या एका पत्रावर ठेवणे अविचाराचेच होते. पत्र नेणारा धर्मगुरू जॉन प्लेगच्या संशयामुळे वेरोनातच अडकला आणि ते हद्दपार रोमिओ राहत होता त्या मान्टुआला पोहोचलेच नाही. मला मात्र क्षम्य वाटत नाही ती शेवटची घटका : कबरीच्या तळघरात ज्युलिएट जागी होते आणि बाहेर चाहूल लागताच लॉरेन्स तिला तिथेच सोडून निघून जातो.

तरीही माझ्या मते मोठा दोष ज्युलिएटचा पिता कॅप्युलेट याचा आहे. मुलगी गुडघे टेकून विनवीत असताना, मी निवडलेल्या पॅरिस या तरुणाशी लग्न करणार नसशील तर रस्त्यावर भीक माग, उपाशी मर, असे तो तिला सुनावतो. पुढे ती वरकरणी तयार होताच गुरुवारचे लग्न बुधवारवर आणतो. त्यामुळे औषध एक रात्र आधीच घ्यावे लागले. रोमिओची उतावीळ आहेच. पण जिथे जिवाभावाची दाईसुद्धा ‘पॅरिसशीच लग्न कर’ म्हणते, त्या घरात ज्युलिएटने आणखी कोणाकडे जायचे होते?