सीझन सुरू होण्याआधी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमची कुठली बाजू भक्कम आणि कुठली कच्ची, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून ॲन आर्बरला एमएस करायला आलात, विद्यार्थ्यांची तिकिटं घ्यायचा विचार आहे, आणि लॅबमधली पोरं ऑगस्टपासूनच ‘डी-लाइन जबरदस्त आहे, ओ-लाइनचं काही खरं नाही’ असं छातीठोकपणे सांगतायत. (डी-लाइन म्हणजे डिफेन्सची, अडवणाऱ्या बाजूची पुढची रांग; ओ-लाइन म्हणजे ऑफेन्सची, बॉल घेऊन पुढे जाणाऱ्या बाजूची.) एकही सामना झालेला नसताना हे त्यांना कळतं कसं, आणि त्यात तथ्य किती?

तथ्य बरंच असतं. पण बहुतेक जण नुसती नावांची बेरीज करतात: इथे दोन स्टार, तिथे एक, म्हणजे टीम अमुक नंबरची. मी ॲन आर्बरजवळ नोव्हीत राहतो, मिशिगन युनिव्हर्सिटीच्या टीमचे शनिवारचे सामने बरीच वर्षं बघतोय, आणि मी आधी एकच गोष्ट बघतो. कच्ची जागा कुठली आहे, आणि ती झाकता येण्यासारखी आहे का? काही जागा कोच शिताफीनं झाकतो. काही जागा झाकायला गेलं की बाकीचेही उघडे पडतात.

उदाहरण 2024 च्या मिशिगनचं घेऊ. तो सीझन होऊन गेलाय, त्यामुळे आधीचा अंदाज आणि नंतरचा निकाल दोन्ही ताडून बघता येतात.

जानेवारी 2024 मध्ये मिशिगननं ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला 34-13 हरवलं आणि 15 पैकी 15 सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. त्यानंतर टीमच विस्कटली. कोच जिम हारबॉ लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक टीमकडे गेले आणि ऑफेन्स सांभाळणारे शेरॉन मूर मुख्य कोच झाले. एप्रिलच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, मिशिगनचे 13 खेळाडू उचलले गेले. बॉल फेकणारा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी दहाव्या क्रमांकावर मिनेसोटाकडे गेला, बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक ब्लेक कोरम गेला, फेकलेला बॉल झेलणारे दोन्ही मुख्य रिसीव्हर गेले, आणि ऑफेन्सिव्ह लाइन तर अख्खीच्या अख्खी गेली. तरीही ऑगस्टमध्ये एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीच्या यादीत टीम नवव्या नंबरावर होती. कारण डिफेन्सच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, कॉर्नरला (समोरच्या रिसीव्हरला रोखणारा) विल जॉन्सन, आणि टाइट एंडला (अडवणारा आणि झेलणाराही) कोल्स्टन लव्हलंड. चौघंही पुढच्या वर्षी ड्राफ्टच्या पहिल्या दोन फेऱ्यांत गेले, म्हणजे लोकांचं त्यांच्याबद्दलचं मत चुकीचं नव्हतं. नावांच्या बेरजेनं नववा नंबर येतोच.

आता तीच टीम माझ्या पद्धतीनं बघा.

सुरुवात ऑफेन्सिव्ह लाइनपासून. दोन टॅकल, दोन गार्ड आणि मधला सेंटर, असे पाच जण. यांना बॉल मिळत नाही, टीव्हीवर यांची नावं फक्त चूक झाल्यावर येतात. पण खेळ यांच्यावर चालतो. ही पाच माणसं म्हणजे कबड्डीतली साखळी समजा: एकेक गडी कितीही ताकदवान असो, शेजारच्याचं पाऊल कधी पडणार हे अंगात मुरलेलं नसेल तर साखळी तुटते. समोरचे डिफेन्सवाले मुद्दाम एकमेकांना फुली मारून पळतात, याला स्टंट म्हणतात. आतला बाहेर जातो, बाहेरचा वळसा घालून आत शिरतो. मुरलेले गार्ड आणि टॅकल अशा वेळी आपापल्या जागी राहून माणसं अदलाबदल करतात. नवखा गार्ड आपल्या माणसाला चिकटून त्याच्या मागे बाहेर ओढला जातो, तिथे शेजारच्या टॅकलशी त्याची धडक होते, आणि मध्ये दार सताड उघडं पडतं. तीन सेकंदांत क्वार्टरबॅक जमिनीवर. टीव्हीवर बघणारा म्हणतो, क्वार्टरबॅकला वेळेत बॉल फेकता येत नाही.

म्हणून लाइनबद्दल दोनच प्रश्न विचारायचे: या पाच जणांनी एकमेकांशेजारी किती खेळलंय, आणि सहावा, म्हणजे राखीव, माणूस कोण?

सहाव्याचं महत्त्व कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटविरुद्धच्या 2023 च्या सामन्यात दिसलं. उजवा गार्ड आणि कॅप्टन झॅक झिंटर याचा पाय मोडला, त्याला गाडीवरून मैदानाबाहेर नेलं. स्टेडियम सुन्न. मिशिगननं टॅकल कार्सन बार्नहार्टला गार्डला सरकवलं, त्याच्या जागी ट्रेंटे जोन्सला आणलं, आणि पुढच्याच प्लेला, म्हणजे पुढच्याच चालीत, कोरम 22 यार्ड पळत बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन करून आला. सामना 30-24 जिंकला. ट्रेंटे जोन्स हे नाव सीझनआधी कुणी घेतलं नव्हतं. अशी माणसं टीममध्ये आहेत का, हे शोधणं म्हणजे खरं मूल्यमापन.

2024 मध्ये आदल्या वर्षीचा नेहमीचा एकही लाइनमन उरला नव्हता. डावा गार्ड जॉश प्रीबी नॉर्थवेस्टर्नहून आणला. वाईट खेळाडू कुणीच नव्हता, पण सगळे पहिल्यांदाच शेजारी उभे राहणार होते.

आणि त्यांच्या मागे क्वार्टरबॅक कोण? तीन पर्याय होते: स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये आलेला डेव्हिस वॉरन, पळण्यात तरबेज असलेला ॲलेक्स ऑर्जी, आणि कॉलेज फुटबॉलमध्ये सातवं वर्ष काढणारा जॅक टटल. इथे जुन्या चाहत्यांची एक म्हण आहे: तुमच्याकडे दोन क्वार्टरबॅक असतील तर एकही नाही. तिघं असतील तर काय, ते तुम्हीच ठरवा. या जागेवरची चुरस ही चांगली बातमी कधीच नसते. गार्डसाठी चुरस असेल तर चालतं, उलट बरंच आहे. क्वार्टरबॅकसाठी ऑगस्टच्या मध्यापर्यंत नाव ठरत नसेल तर कुणीच पसंत पडत नाहीये असं समजा.

म्हणजे नवी लाइन आणि न ठरलेला क्वार्टरबॅक, दोन्ही एकाच वेळी. यातलं एक असतं तर दुसऱ्यानं सांभाळून घेतलं असतं. 2023 मध्ये पेन स्टेटविरुद्ध मिशिगननं दुसऱ्या अर्ध्यात एकही अधिकृत पास टाकला नाही, नुसतं पळून 24-15 जिंकले. लाइन तशी असेल तर क्वार्टरबॅकवर काही सोपवावंच लागत नाही. उलट क्वार्टरबॅक मुरलेला असेल तर तो बॉल पटकन सोडून कच्च्या लाइनला वाचवतो. दोन्ही कच्चे असले की रिसीव्हर कितीही चांगले आणा, बॉल त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

झालं तसंच. आर्कान्सा स्टेटविरुद्ध वॉरननं तीन इंटरसेप्शन दिले, म्हणजे तीनदा बॉल विरोधकांच्या हातात फेकला, मग ऑर्जीला आणलं. त्यानं यूएससीविरुद्ध अख्ख्या सामन्यात 32 यार्ड पासिंग केलं. 32! तो सामना मिशिगन 27-24 जिंकलं, कारण केलल मलिंग्ज नावाचा भरभक्कम गडी शेवटच्या मिनिटांत 63 यार्ड पळाला. पण असं दर शनिवारी होत नाही. वॉशिंग्टनविरुद्धच्या हरलेल्या सामन्यात मध्येच टटल आला, इलिनॉयकडे 21-7 हरले, मग परत वॉरन. सीझन 8-5 ला संपला.

पण लॅबमधल्या पोरांच्या ‘डी-लाइन जबरदस्त’चा हिशेब इथेच लागतो, त्यामुळे थोडं थांबा. डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे डी-लाइनच्या मधले दोघं, ही अशी जागा आहे की ती खरोखर उत्तम असेल तर बाकीच्यांचे दोष पोटात घालते. ग्रँटचं वजन 150 किलोच्या आसपास. त्याला थोपवायला समोरच्यांना दोन माणसं खर्च करावी लागतात. ग्रॅहमलाही दोन लागतात. म्हणजे पाचांपैकी चार जण दोघांत गुंतले, आणि मागचे लाइनबॅकर मोकळे सुटले. मग ते लाइनबॅकर साधारण असले तरी चांगले वाटतात. त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी मिशिगन ओहायो स्टेटच्या घरी, कोलंबसला गेलं. सट्टेबाजांच्या हिशेबात जवळपास 20 गुणांनी मागे. लव्हलंड जखमी, जॉन्सन जखमी. वॉरननं पासवर मिळवले 62 यार्ड आणि दोन बॉल विरोधकांच्या हातात दिले. तरी 13-10 जिंकले, कारण ओहायो स्टेटला मधून पळताच आलं नाही. त्यांच्या लाइनमधला डावा टॅकल ऑक्टोबरमध्ये आणि सेंटर नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला होता, आणि तरी ते पुन्हापुन्हा ग्रॅहम-ग्रँटच्या अंगावरच धावत राहिले. का, याचा खुलासा मला अजून कुणी पटेल असा केलेला नाही. त्याच ओहायो स्टेटनं जानेवारीत नोत्र दामला 34-23 हरवून विजेतेपद घेतलं, हे मी इथे नाइलाजानं नोंदवतो.

कोलंबसच्या सामन्यातला निर्णायक फील्ड गोल (किक मारून मिळणारे तीन गुण) डॉमिनिक झ्वाडानं मारला, 45 सेकंद उरले असताना. त्याआधी 54 यार्डांवरूनही एक मारला होता. हा आर्कान्सा स्टेटहून आलेला किकर. किकर आणि पंटर (लांब किक मारून बॉल विरोधकांकडे सोडणारा) यांच्याकडे सीझनआधी कुणी ढुंकूनही बघत नाही. ऑफेन्स अडखळणारं असेल तर मात्र आधी किकरची चौकशी करा, कारण तुमचे निम्मे गुण त्याच्याच पायातून येणार असतात.

रिसीव्हर, रनिंग बॅक, सेफ्टी (डिफेन्समधला सगळ्यात मागचा) या जागा मी शेवटी बघतो. रिसीव्हर दुबळे असतील तर टाइट एंडकडे बॉल टाकता येतो. मिशिगननं त्या वर्षी लव्हलंडवरच भार टाकला. रनिंग बॅक चांगल्या लाइनमागे कुणीही चालून जातो. यावर इथली मंडळी भांडायला उठतील, उठू देत.

आता माहिती मिळवायची कुठून? कोचच्या पत्रकार परिषदांतून तर नाहीच. ऑगस्टमध्ये प्रत्येक कोचचा प्रत्येक खेळाडू ‘आयुष्यातल्या सर्वोत्तम फॉर्मात’ असतो. त्यापेक्षा ट्रान्सफर पोर्टलवर नजर ठेवा, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून कोण आणलं ते बघा. कोच बोलतो एक, पण पैसा आणि जागा जिथे खर्च करतो तिथे त्याची खरी भीती असते. 2024 च्या वसंतातल्या सरावात मिशिगनचा सेफ्टी रॉड मूर गुडघ्याच्या दुखापतीनं अख्ख्या सीझनसाठी बाहेर गेला, आणि थोड्याच दिवसांत शेजारच्या मिशिगन स्टेटमधून एक सेफ्टी आणला गेला. यावरून मागे बसलेल्या पोरांवर कोचचा किती भरवसा होता ते कळलं. क्वार्टरबॅक मात्र बाहेरून कुणी आणला नाही, आणि लोकांनी त्याचा अर्थ ‘आहेत त्यांच्यावर विश्वास आहे’ असा लावला. हारबॉ जानेवारीच्या शेवटी गेले, तोवर बाजारातले चांगले क्वार्टरबॅक कधीच संपले होते, ही साधी गोष्ट कुणी लक्षात घेतली नाही.

‘किती स्टार्टर (सुरुवातीपासून खेळणारे) परत आलेत’ हा आकडा सगळीकडे दिसेल. उपयोगी आहे, पण फसवाही. भंगार लाइनचे पाचही जण परत आले तर लाइन अनुभवी भंगार होते. शिवाय आता आयात केलेल्यांचा अनुभवही त्या आकड्यात मोजतात, पण तो अनुभव दुसऱ्या टीममधला, दुसऱ्या शेजाऱ्यांबरोबरचा. फ्लोरिडा स्टेट 2024 मध्ये यादीत दहाव्या नंबरावर होती, मिशिगनच्या लगेच खाली. पोर्टलमधून नावाजलेली माणसं भरली होती, क्वार्टरबॅकही बाहेरचाच. डब्लिनला जॉर्जिया टेककडे पहिलाच सामना हरले आणि सीझन 2-10 असा संपला.

शाळेतून येताना खेळाडूला दर्जा म्हणून मिळालेले तीन, चार, पाच स्टार हे अख्ख्या टीमचा दर्जा मोजायला चांगले आहेत, एकेका जागेचा अंदाज घ्यायला नाहीत. केनेथ ग्रँट तीन स्टारवाला होता आणि ड्राफ्टमध्ये तेराव्या नंबरावर गेला. लाइनच्या जागांवर तर हे नेहमीच होतं, कारण 17 वर्षांच्या पोराचं शरीर 21 व्या वर्षी कसं होईल हे कुणालाच सांगता येत नाही.

तुम्ही पहिल्यांदाच बघणार असाल तर एक करा. पहिल्या घरच्या सामन्यात, समोरची टीम किरकोळ असली तरी, पहिले दोन क्वार्टर बॉलकडे बघूच नका. मधल्या पाच जणांवर नजर ठेवा. प्ले संपल्यावर ते एकमेकांना हात देऊन उठवतायत की ‘तुझा माणूस होता’ म्हणून हातवारे करतायत, ते बघा. मोठी आघाडी मिळाल्यावर चौथ्या क्वार्टरला बाकी विद्यार्थी घरी जातात, तेव्हा मुद्दाम थांबा. दुसऱ्या फळीतले लोक तेव्हाच मैदानात उतरतात, आणि ऑक्टोबरमध्ये कुणी जखमी झालं की खेळणार तेच.

तिकिटाचं म्हणाल तर अख्ख्या सीझनचंच घ्या. विषम वर्षी ओहायो स्टेट ॲन आर्बरला येते, आणि त्या एका सामन्याचं तिकीट नोव्हेंबरमध्ये सुटं घ्यायला गेलात तर महिन्याच्या घरभाड्याचा हिशेब कोलमडेल. सम वर्षी मिशिगन स्टेट येते, तेही वाईट नाही.